ऑस्करचा अंदाज: बाजारातले भाव की गिल्डचे निकाल?

ऑस्करच्या आठवड्यात मित्रमंडळीत अंदाजांचा तक्ता भरायचा असेल, तर कुठला चित्रपट चांगला हे ठरवून फारसं काही साधत नाही. आपण कशावर विसंबायचं, हे आधी ठरवावं लागतं. नामांकन मिळालेले सगळे चित्रपट समारंभाआधी आपल्याकडे बघायला मिळतातच असं नाही. मिळाले तरी आपली आवड म्हणजे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा कौल नव्हे. समीक्षकांचे पुरस्कार आणि गोल्डन ग्लोब मी बाजूला ठेवतो. तिथे मत देणारी मंडळी समीक्षक आणि पत्रकार असतात, आणि ऑस्करमध्ये त्यांना मत नसतं.

मग उरतात दोनच रस्ते. एक, परदेशी सट्टेबाजांचे आणि जाणकारांच्या सरासरीवरून निघणारे भाव. पैसे लावायचा इथे संबंध नाही, भाव फक्त माहिती म्हणून वाचायचे. दुसरा, दिग्दर्शक, निर्माते, नट, लेखक यांच्या गिल्डचे, म्हणजे व्यावसायिक संघटनांच्या पुरस्कारांचे निकाल आणि जोडीला ब्रिटनचा बाफ्टा हा चित्रपट पुरस्कार. दोन्हींवरून मी तक्ते भरले आहेत.

आधी भावांच्या बाजूचं बोलतो, कारण ती बाजू कच्ची नाही. गिल्ड, बाफ्टा, प्रचाराचा जोर, हॉलिवूडमधली कुजबुज, सगळं एका आकड्यात येतं. कास्टिंगचा नवा विभाग धरून ऑस्करचे आता २४ विभाग आहेत. ज्याच्या हाताशी फक्त अर्धा तास आहे, त्याला यापेक्षा सोयीचं काही नाही. लघुपटांच्या विभागांत तर गिल्डचा फार उपयोग होत नाही. वेशभूषा आणि कलादिग्दर्शनाच्या गिल्डकडूनही स्पष्ट उत्तर मिळत नाही, कारण ते समकालीन, ऐतिहासिक आणि कल्पनारम्य अशा चित्रपटांना वेगवेगळे पुरस्कार देतात. त्यातला कोण ऑस्करला पुढे जाईल, हे शेवटी आपल्यालाच ठरवावं लागतं.

तरीही मी भावांपासून दूर गेलो, ते एका गोष्टीमुळे. भाव बदलतात, पण का बदलले ते सांगत नाहीत. आमचा तक्ता रविवारी रात्री बंद होतो, कारण समारंभ आपल्याकडे सोमवारी पहाटे असतो. शनिवारी एका अभिनेत्रीचा भाव एक असतो, रविवारी संध्याकाळी दुसराच. ही खरी बातमी आहे की दहा जण एकमेकांकडे बघून सरकले, हे कळायला मार्ग नाही. मला सगळ्यात खटकतं ते हे, की ऑस्करचं मतदान समारंभाच्या बरेच दिवस आधी बंद झालेलं असतं. मतं पडलेली असतात आणि निकाल मोजणी करणाऱ्या संस्थेच्या मोजक्या माणसांनाच ठाऊक असतो. तरी भाव हलतच राहतात. आपण बसतो नावं खोडत आणि पुन्हा लिहीत. गटातल्या निम्म्या लोकांचे तक्ते एकसारखे निघतात. एखादं नाव चुकलं तर पुढच्या वर्षासाठी त्यातून काही शिकताही येत नाही, कारण ते नाव का लिहिलं होतं हेच कुणाला सांगता येत नाही.

गिल्डच्या बाबतीत हे सांगता येतं. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच भातातलं हवं, आणि गिल्डचे सदस्य बऱ्याच प्रमाणात त्याच भातातले आहेत. अकादमीत नटांची शाखा सर्वांत मोठी आहे. दिग्दर्शक, निर्माते, संकलक, छायालेखक यांच्या शाखांतले अनेक जण आपापल्या गिल्डमध्येही मत देतात.

दिग्दर्शकांचं गिल्ड, म्हणजे डीजीए, १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून पुरस्कार देतं. तेव्हापासून २०२५ पर्यंत डीजीए आणि ऑस्कर यांचे दिग्दर्शक फक्त आठ वेळा वेगळे निघाले. त्यातही २०१३मध्ये डीजीए जिंकलेले बेन ॲफ्लेक ऑस्करच्या नामांकनातच नव्हते, तेव्हा ते जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. दिग्दर्शनाच्या रकान्यात मी डीजीएचं नाव लिहितो आणि पुढे जातो.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गणित जास्त रंजक आहे. बाकी विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकतो. चित्रपटाच्या विभागात मात्र मतदार पसंतीक्रम लावतात, आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीसारखा. कुणालाच निम्म्याहून जास्त पहिली पसंती मिळाली नाही, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. यात ज्याच्यावर काही जण जीव टाकतात आणि काही जण नाक मुरडतात, तो चित्रपट मागे पडतो. जो सगळ्यांच्या यादीत दुसरा-तिसरा असतो, तो वर येतो. निर्मात्यांच्या गिल्डची, पीजीएची, मोजणीही याच पद्धतीची आहे, म्हणून या विभागात मी त्याला जास्त वजन देतो.

२०२२ हे त्याचं चांगलं उदाहरण. ‘द पॉवर ऑफ द डॉग’कडे डीजीए होतं, बाफ्टा होता आणि ऑस्करची १२ नामांकनं होती. ‘कोडा’कडे नामांकनं फक्त तीन, त्यात ना दिग्दर्शन ना संकलन. पण नटांच्या गिल्डने, सॅगने, समूह-अभिनयाचा पुरस्कार ‘कोडा’ला दिला आणि पाठोपाठ पीजीएही त्यालाच मिळाला. ऑस्करमध्ये ‘कोडा’ने तीनही नामांकनं जिंकली, दिग्दर्शनाचं ऑस्कर मात्र ‘द पॉवर ऑफ द डॉग’च्या जेन कॅम्पियनकडेच गेलं. पीजीए चित्रपटासाठी आणि डीजीए दिग्दर्शनासाठी, इतकंच पाळलं असतं तरी दोन्ही नावं बरोबर आली असती.

गिल्डही फसतात, हे मान्य. २०१७मध्ये पीजीए आणि डीजीए दोन्ही ‘ला ला लँड’ला मिळाले होते आणि ऑस्कर ‘मूनलाइट’ने नेलं. पण फट तेव्हाही दिसत होती. सॅगच्या समूह-अभिनयाच्या नामांकनात ‘ला ला लँड’ नव्हताच. २०२०मध्ये ‘१९१७’चं तसंच झालं. पीजीए आणि डीजीए त्याच्याकडे होते, पण सॅगच्या त्या यादीत तो नव्हता आणि ऑस्करचं संकलनाचं नामांकनही त्याला नव्हतं. त्याच वर्षी सॅगचा समूह-अभिनय, लेखकांच्या गिल्डचा पुरस्कार आणि संकलकांचा एडी, तिन्ही ऑस्कर जिंकणाऱ्या ‘पॅरासाइट’ला मिळाले होते. दोन मोठे निकाल एका बाजूला आणि तीन खुणा दुसऱ्या बाजूला असल्या, की मी आता थांबून विचार करतो. भाव नुसता ‘१९१७ पुढे’ एवढंच सांगतो, ही फट दाखवत नाही.

लेखकांच्या गिल्डबाबत एक सावधगिरी हवी. त्यांच्या कराराखाली न लिहिलेल्या पटकथा तिथे पात्रच ठरत नाहीत. त्यामुळे तिथे एखादं नाव नसण्याचा अर्थ लावू नये, जिंकण्याचा लावावा.

अभिनयाच्या विभागांत सॅग आणि बाफ्टा यांच्यात निवड करावी लागते. सॅगचे सदस्य लाखाहून जास्त आहेत आणि त्यांत टीव्ही आणि रेडिओची मंडळीही येतात. अकादमीचे मतदार सुमारे दहा हजार, आणि गेल्या दहा वर्षांत त्यांत अमेरिकेबाहेरचे बरेच वाढले. म्हणून मला बाफ्टाचा कल अलीकडे जवळचा वाटतो. २०१९मध्ये सॅग ग्लेन क्लोजना मिळालं, बाफ्टा आणि ऑस्कर ऑलिव्हिया कोलमनना. २०२१मध्ये सॅग चॅडविक बोसमनना, बाफ्टा आणि ऑस्कर अँथनी हॉपकिन्सना. २०२४मध्ये लिली ग्लॅडस्टोन आणि एमा स्टोन यांच्यात हेच घडलं.

२०२५मध्ये तारखाही बोलत होत्या. ऑस्करचं मतदान ११ ते १८ फेब्रुवारीला झालं. बाफ्टाचा समारंभ १६ तारखेला, म्हणजे मतदान चालू असताना झाला आणि तिथे मायकी मॅडिसन जिंकल्या. सॅगचा समारंभ थेट २३ तारखेला झाला आणि तिथे डेमी मूर जिंकल्या. तोवर मतपेट्या बंद होऊन पाच दिवस झाले होते. तरी सॅगनंतर बहुतेकांच्या अंदाजात मूर पुढे होत्या. ऑस्कर मॅडिसनना मिळालं.

बाफ्टाही अचूक नाही. २०२३मध्ये तो केट ब्लँचेट आणि ऑस्टिन बटलर यांना मिळाला होता, ऑस्कर मात्र सॅगप्रमाणे मिशेल यो आणि ब्रेंडन फ्रेझर यांना. तेव्हा दोघांत मतभेद असेल तर मी ‘बहुधा बाफ्टा’ म्हणेन, ‘नक्की’ म्हणणार नाही.

२०२६पासून अकादमीने नियम केला आहे, की एखाद्या विभागात अंतिम मत द्यायचं तर त्यातले सगळे नामांकित चित्रपट बघितलेले हवेत. ऐकीव प्रसिद्धीचा जोर त्यामुळे थोडा ओसरेल असं मला वाटतं. तसं झालं तर कुजबुजीवर हलणाऱ्या भावांपेक्षा व्यावसायिकांच्या पसंतीला आणखी किंमत येईल.

तुमच्याकडे वेळच नसेल तर भाव बघून तक्ता भरा, फार वाईट होणार नाही. लघुपटांसाठी मीही भावच बघतो. पण जानेवारीपासून महिना-दीड महिना थोडं लक्ष ठेवण्याची तयारी असेल, तर वहीच्या एका पानावर पीजीए, डीजीए, सॅग, बाफ्टा आणि एडी असे पाच रकाने आखा आणि वर ऑस्करचं मतदान बंद होण्याची तारीख लिहा. त्या तारखेनंतर आलेला निकाल वेगळ्या रंगाने लिहा, म्हणजे त्याला किती वजन द्यायचं ते आपोआप लक्षात राहतं.