ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) पल्सची रुंदी मोजताना: कर्सर (हाताने सरकवायच्या रेषा) की ऑटो मेजरमेंट (स्कोपने स्वतः केलेलं मोजमाप)?

स्वच्छ, ठाशीव कडांची पल्स असेल तर ऑटो मेजरमेंटच वापरा. स्कोप पल्सचा माथा आणि तळ शोधतो, 50 टक्के पातळी ठरवतो आणि कडा ती पातळी कुठे ओलांडतात ते सॅम्पलांच्या (ठरावीक अंतराने घेतलेल्या नोंदींच्या) मधलं अंतर भरून काढून मोजतो. शिवाय स्टॅटिस्टिक्स चालू केलं की सरासरी, किमान, कमाल हेही दिसतं, त्यामुळे जिटर (कडांच्या वेळेतली थरथर) लपत नाही. कर्सरने हे जमत नाही. तिथे अचूकता तुमच्या नजरेवर आणि स्क्रीनच्या पिक्सेलवर अवलंबून.

पण पल्सवर रिंगिंग (कडेनंतर उठणारी लाटांची थरथर) असेल किंवा ती पायरीपायरीने चढत असेल, तर स्कोपचा माथ्याचा अंदाजच चुकतो आणि आकडा मात्र चार दशांश स्थळांपर्यंत ऐटीत दिसतो. अशा वेळी मी कर्सरवरच विश्वास ठेवतो. लॉजिक गेटचा थ्रेशोल्ड (0 आणि 1 यांमधली सीमा) 1.4 व्होल्ट असेल तर तिथेच मोजायचं, 50 टक्क्यांवर नाही. (काही स्कोपवर ऑटोची पातळीही बदलता येते, आधी ते पाहा.)

टाइमबेस (स्क्रीनवर किती वेळ दिसेल याची सेटिंग) दोन्हीकडे महत्त्वाचा: पल्सने स्क्रीन जवळजवळ भरू द्या. सेकंदाला 1 अब्ज सॅम्पल म्हणजे दोन सॅम्पलांत 1 नॅनोसेकंद. मेमरी कमी पडून हा वेग घसरला, तर कुठलीच पद्धत वाचवत नाही.