स्टार फ्लीट बॅटल्स: फेडरेशनची सीए की क्लिंगॉनची डी-७? अकरा महिन्यांनंतरचं माझं मत

स्टार फ्लीट बॅटल्स हा ‘स्टार ट्रेक’च्या विश्वातल्या अंतराळजहाजांच्या लढाईचा बोर्ड गेम. षटकोनी घरांच्या, म्हणजे हेक्सच्या, नकाशावर तो टर्न-टर्नने, म्हणजे फेऱ्यांनी, खेळतात. अकरा महिन्यांत मी आणि माझ्या मित्राने त्यातल्या एकाच जोडीच्या तीसएक लढाया खेळल्या. एका बाजूला फेडरेशनची हेवी क्रूझर, म्हणजे सीए, आणि दुसऱ्या बाजूला तिच्या शत्रूची, क्लिंगॉनची, क्रूझर डी-७. १९७९ पासून चालत आलेल्या या खेळात जहाजांचा ढीग आहे, पण आम्ही ठरवून दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पहिले सहा महिने डी-७ माझ्याकडे होती, मग अदलाबदल केली. तोवर मी छातीठोकपणे सांगायचो की डी-७ सरस आहे. आता तसं म्हणवत नाही.

आधी गणित, कारण सगळी गंमत तिथेच आहे. सीएचं मुख्य शस्त्र फोटॉन टॉर्पिडो; तो भरायला दोन टर्न लागतात, प्रत्येक टर्नला २ पॉइंट ऊर्जा. लागला तर ८ डॅमेज. डी-७ चा डिसरप्टर मात्र २ पॉइंटमध्ये दर टर्नला सुटतो आणि ५ ते ८ हेक्सवर ३ डॅमेज देतो. दोन्ही जहाजांवर ही शस्त्रं चार-चार. ८ हेक्सवर फोटॉनला फाशावर १ ते ३ हवेत, डिसरप्टरला १ ते ४. दोन टर्नची सरासरी काढा: दोघांचंही डॅमेज १६, दोघांचाही खर्च १६. ३-४ हेक्सवर मोजलं तरी बरोबरी, २ हेक्सवर मोजलं तरी बरोबरी. वहीत हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून दोनदा तपासलं. ज्यांनी हे तक्ते बसवले त्यांच्याबद्दल मला तेव्हापासून फार आदर वाटतो.

८ हेक्सच्या पलीकडे गेलात की तराजू झुकतो. १५ हेक्सवर डिसरप्टर अजूनही १ ते ४ वर लागतो, तेच ३ डॅमेज. साधा फोटॉन तिथे फक्त १ आला तरच लागतो. प्रॉक्सिमिटी फ्यूज (जवळून गेला तरी फुटावा म्हणून) लावला तर १ ते ३ वर लागतो खरा, पण डॅमेज निम्मं होऊन ४ वर येतं. म्हणजे दोन टर्नमध्ये डी-७ चे १६ आणि सीएचे फार तर ८. त्यात डी-७ चा टर्न मोड (वळण्याआधी किती हेक्स सरळ जावं लागतं त्याची श्रेणी) बी आणि सीएचा डी, त्यामुळे क्लिंगॉन जहाज कमी हेक्समध्ये वळतं. पहिले सहा महिने मी हेच केलं: १५ वर जायचं, डिसरप्टर सोडायचे, वळायचं, पुन्हा यायचं. मित्राची सीए माझ्या मागे धावत राहायची आणि तिच्या शील्ड, म्हणजे ऊर्जेच्या ढाली, झिजत जायच्या.

वेगाचंही तसंच. दोघींचं वॉर्प, म्हणजे मुख्य इंजिनांची ऊर्जा, ३०, आणि दोघींना एका हेक्सला १ पॉइंट लागतो. पण फोटॉन भरायला वॉर्पचीच ऊर्जा चालते, म्हणून फोटॉनच्या चार नळ्या भरताना सीएचे ८ पॉइंट तिथेच जातात आणि पळायला २२ उरतात. डिसरप्टर कुठलीही ऊर्जा घेतो. हा फरक नवीन खेळाडूच्या लक्षात येत नाही आणि तो फाशांना दोष देत बसतो.

मग सीए माझ्याकडे आली. सुरुवातीला मी एक चूक केली आणि ती बरेच दिवस चालू ठेवली. दोन नळ्या या टर्नला, दोन पुढच्या, असं आलटून पालटून भरायला लागलो, म्हणजे दर टर्नला काहीतरी सुटेल. सरासरी डी-७ इतकीच, मग बिघडलं काय? बिघडलं हे, की समोरचा दर टर्नला समोरच्या शील्डमागे ६-८ पॉइंट ऊर्जा लावायचा आणि माझा मारा त्यातच विरायचा. ती जादा ऊर्जा दर टर्नला नव्याने लावता येते. थेंबाथेंबाने मारणाऱ्याला ती दर वेळी नडते. एकदम मारणाऱ्याला एकदाच नडते.

चारही नळ्या ओव्हरलोड करून, म्हणजे जादा ऊर्जा भरून, एकत्र सोडायला लागलो तेव्हा सीए काय आहे ते कळलं. ओव्हरलोडची मर्यादा ८ हेक्स, प्रत्येक फोटॉन १६ डॅमेजचा. डी-७ ची समोरची शील्ड ३० ची. दोन लागले की ३२. चारपैकी निदान दोन लागण्याची शक्यता ८ हेक्सवर सोळात अकरा आहे, आणि वर सहा टाइप-१ फेझर (किरणशस्त्रं) वेगळेच. याच अंतरावर डी-७ चे चारही ओव्हरलोड डिसरप्टर लागले तरी २४ च होतात, म्हणजे फेझरची मदत न घेता एका माऱ्यात तिला सीएची समोरची ३० ची शील्ड फोडताच येत नाही.

अर्थात चारही हुकण्याची शक्यता सोळात एक आहे, आणि माझे एकदा हुकले. नळ्या रिकाम्या, समोर वळून येणारी डी-७, पुन्हा भरायला दोन टर्न. ती लढाई तिथेच संपली. शील्ड एकदा पडली की क्लिंगॉन फार वाईट शत्रू आहे. डॅमेजच्या तक्त्यात काही नोंदी एका माऱ्यात एकदाच लागू होतात, त्यामुळे तो छोटे छोटे मारे वेगवेगळ्या इम्पल्सला (टर्नच्या छोट्या भागांना) सोडून तुमची शस्त्रं एकेक करून काढून घेतो. अशा वेळी सीएच्या आठ प्रयोगशाळा उपयोगी पडतात. लढाईत त्यांचं फारसं काम नाही, पण त्या मार खातात आणि फेझर वाचतात. डी-७ कडे असा मऊ भाग कमी, शिवाय तिच्या मागच्या शील्ड पातळ. पाठ फिरवून पळताना गाठलंत तर ती लवकर मोडते.

एक गोष्ट निकाल फिरवते: नकाशाला कडा आहेत की नाहीत. मोकळा, सरकता नकाशा घेतला तर डी-७ ला पकडणं जवळजवळ अशक्य, आणि तिथे माझा कौल अजूनही तिलाच. कडा असलेल्या नकाशावर मात्र मी आता सीए घेतो. फोटॉन भरून धरून ठेवायचे (साधे धरायला प्रत्येकी १ पॉइंट, ओव्हरलोड धरायला २), घाई करायची नाही, आणि तिला कोपऱ्याकडे रेटत राहायचं.

खेळ वेळ खातो. प्रत्येक टर्नला ऊर्जेचा हिशोब, मग ३२ इम्पल्स. आमची एक लढाई चार तासांची असते. नवीन असाल तर आधी डी-७ घ्या, ती चुका पोटात घालते. सीएवर पहिल्या पाच-सहा लढाया हराल. तरी ती सोडू नका, आणि नळ्या आलटून पालटून भरू नका.