होनोलुलू विमानतळावरची शेतीतपासणी: पाचपैकी साडेचार तारे

आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग. माल युरोपला जातो, त्यामुळे रेसिड्यूसाठी, म्हणजे फवारणीचा अंश उरलाय का ते तपासायला, घड तोडून नेणारी माणसं, फायटोचे कागद (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला), सगळं अंगवळणी पडलंय. या मे महिन्यात लेकीकडे अमेरिकेतल्या हवाई बेटांवर गेले आणि पहिल्यांदा माझीच तपासणी झाली.

अर्धा तारा कापलाय तो नाशिकच्या ट्रॅव्हलवाल्यामुळे. ‘खायचं काहीही न्या, काकू,’ म्हणाला. मी डझनभर हापूस बांधले होते, लेकीने फोनवरच सोडायला लावले. लासलगावच्या केंद्रात किडीसाठी किरणं देऊन 2007 साली आपला आंबा अमेरिकेला गेला, हे आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माझ्या पिशवीतल्या आंब्याला कुठली किरणं!

सॅन फ्रान्सिस्कोहून पुढच्या प्रवासात एक फॉर्म भरून घेतात. झाड, बी, फळ, माती, प्राणी, जे असेल ते लिहायचं. घरटी एकाने भरला की झालं. आमच्याकडे चकलीची भाजणी तेवढी होती.

खरी गंमत परतताना. मुलाकडे कॅलिफोर्नियात जायचं होतं. होनोलुलूला बॅगा विमान कंपनीच्या काउंटरवर देण्याआधीच अमेरिकेच्या कृषी खात्याच्या एक्स-रेमधून काढतात. पैसे नाहीत. पास झाली की बॅगेवर स्टिकर. आमची एक झाली, दुसरी अडली. साडीच्या घडीत, ओल्या फडक्यात गुंडाळलेला लेकीच्या अंगणातला कढीपत्ता!

तपासणारी पोरगी आवाज न चढवता म्हणाली, हे लिंबाच्या कुळातलं झाड. याच्यावरची बारीक कीड संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत रोग नेते, म्हणून पानं जाणार नाहीत. तिने फडकं उघडलं तसा सगळीकडे वास सुटला, आणि मला तिथेच फोडणी आठवली. पानं तिने काढून घेतली, फडकं परत मिळालं. दंडबिंड काही नाही. ह्यांनी मात्र ‘मी सांगितलं होतं’ हे तीनदा ऐकवलं. सांगितलं नव्हतं.

अननस आणि नारळ बिनबोभाट गेले. भाजलेली कॉफीही. पपई मात्र प्रक्रिया केलेली, शिक्क्याच्या खोक्यातलीच चालते, कारण फळमाशी. एक जात तर शंभराहून जास्त वर्षं त्या बेटांवर ठाण मांडून आहे, आणि कारल्या-दोडक्यांत अळ्या करणारी माशी, जिच्यासाठी आम्ही वेलीत सापळे टांगतो, तीही तिथे आहे. हे कळल्यावर कढीपत्त्याचा राग निम्मा गेला. आमच्या परसात दोडक्याचा पहिला तोडा कित्येकदा त्या माशीच्याच पोटात जातो.

कुणी जाणार असेल तर घरून तास-दीड तास लवकर निघा. आणि कढीपत्ता वाळवून न्यायचा विचार असेल तर आधी त्यांना विचारा. मी विचारायला विसरले.