एच-फोर रिले वायरिंग किट: मंद हेडलाइटसाठी उत्तम, बंदसाठी नेहमीच नाही

सोलापुरात हेडलाइटची तक्रार सांगितली की स्पेअर पार्ट्सच्या बऱ्याच काउंटरवर एच-फोर (हाय आणि लो बीम एकाच बल्बमध्ये असलेला हेडलाइट बल्ब) साठीचं हे किट पुढे येतं. आधी तपासणी करा. एकच दिवा गेला असेल तर बल्ब, होल्डर आणि त्या बाजूचा फ्यूज बघा. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज असतात. दोन्ही एकदम गेले तर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली परतीची वायर), मग कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा लाइटचा दांडा) बघा. यातलं काही बिघडलं असेल तर किटवर पैसे घालू नका.

किट बल्बचा करंट स्विचमधून न नेता रिलेमार्फत बॅटरीतून थेट बल्बला देतं. ६०/५५ वॉटचे दोन बल्ब साधारण ९-१० अँपिअर खेचतात. जुन्या वायरिंगमध्ये एवढ्यात व्होल्टेज पडतं. इंजिन आणि लाइट चालू ठेवून मीटर लावा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि होल्डरवर १२.५ च्या खाली असेल, तर किट लावल्यावर फरक डोळ्यांना दिसेल.

घेताना होल्डर सिरॅमिकचाच हवा. प्लास्टिकचा उन्हाळ्यात पिवळा पडून पिनांशी वितळतो. वायरचं टोक सोलून बघा, जाड कव्हरखाली चार तारा निघाल्या तर परत करा. फ्यूज बॅटरीच्या टोकाजवळच हवा. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर वॉशिंगचं पाणी शिरतं. अर्थचा बोल्ट रंग खरवडून आवळा.

काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे हे किट जसंच्या तसं चालत नाही. इलेक्ट्रिशियनला आधीच विचारा.