मिनेसोटात दोन वर्षं ई-85 भरतोय, परवडतं का?

गाडी सेकंडहँड, 2012 ची शेवरोले इम्पाला, फ्लेक्स फ्युएलवाली, टाकीचं झाकण पिवळं असतं तीच. त्यात ई-85, म्हणजे निम्म्याहून जास्त इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालतं म्हणून दोन वर्षं भरतोय आणि मराठी ग्रुपवर बरेचजण विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

गाडीला त्रास शून्य. पिकअप उलट जरा बराच वाटतो. पण मायलेज पडतं आणि चांगलंच पडतं. सगळीकडे मिळतं ते साधं ई-10 (10 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) भरलं की मला गॅलनला 24 मैल मिळतात, ई-85 वर साडेअठरा. इथेनॉलच्या एका गॅलनमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाच साधारण एक तृतीयांश कमी असते, त्याला गाडी तरी काय करणार. म्हणजे बोर्डावरचा भाव बघून लगेच खूश व्हायचं नाही, आधी हिशोब करायचा. ई-10 जर 3.10 डॉलर असेल तर माझ्या गाडीला ई-85 2.39 च्या खाली मिळालं तरच फायदा, नाहीतर स्वस्त भरून महाग पडतं. थोडक्यात 23 टक्के तरी फरक हवा, तुमच्या गाडीचा आकडा तुम्ही काढा.

आता खरी गोष्ट. मी दोन पंपांवर भरतो. एक घराजवळ, त्याच्या समोरच्याच चौकात अजून एक ई-85 वाला आहे. दुसरा ऑफिसच्या वाटेवर हायवेला, तिथं आसपास कुणाकडेच ई-85 नाही. एकाच आठवड्यात दोघांच्या भावात 30-35 सेंटचा फरक मी कितीतरी वेळा बघितलाय, आणि ई-10 मात्र दोघांकडे जवळपास सारखंच! सुरुवातीला वाटलं वाहतूक खर्च असेल, मग रिन काय भानगड आहे ते वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

इथं इथेनॉलचा प्रत्येक गॅलन तयार होताना त्याला एक नंबर मिळतो, त्याला रिन म्हणतात. रिफायनऱ्या आणि इम्पोर्टर जेवढं पेट्रोल-डिझेल बाजारात आणतात त्या प्रमाणात त्यांना दरवर्षी ईपीएकडे (अमेरिकेचं पर्यावरण खातं) रिन जमा करावेच लागतात. 2005 च्या कायद्याने हे सुरू झालं, 2007 ला वाढवलं. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं की रिन सुटा होतो आणि मिसळणारा तो विकू शकतो. समजा रिन 1 डॉलरला आहे. ई-10 च्या गॅलनमागे मिसळणाऱ्याला 10 सेंट सुटतात, पण रिफायनरीने रिनचा खर्च पेट्रोलच्या भावात आधीच धरलेला असतो, त्यामुळे ते जवळजवळ फिटंफाट. ई-85 मध्ये सरासरी 74 टक्के इथेनॉल धरलं तर गॅलनमागे 74 सेंट! हे पैसे माझ्यासारख्याने ई-85 उचलावं म्हणून भाव खाली आणायलाच आहेत.

पण ते पंपापर्यंत येताना मध्ये कुणीतरी ठेवून घेतं. आणि हा नुसता माझा संशय नाहीये, जिंग ली आणि जेम्स स्टॉक या अर्थशास्त्रज्ञांनी मिनेसोटातल्याच पंपांचे भाव तपासले, 2019 ला पेपर आला, त्यात सरासरी निम्म्याहून थोडी जास्तच सूट गिऱ्हाईकापर्यंत पोचते असं निघालं आणि जिथं शेजारी दुसरा ई-85 वाला आहे तिथं जास्त पोचते. माझे दोन पंप म्हणजे त्याचं जिवंत उदाहरण. मला याचा मनापासून राग येतो, कारण सूट कायद्याने निर्माण केलेली आहे, पंपवाल्याच्या कष्टाची नाही.

दुसरं म्हणजे इथलं इथेनॉल मुख्यतः मक्याचं असलं तरी रिनचा भाव मक्यावर कमी आणि सोयाबीनवर जास्त चालतो, हे मला कळायला खूप वेळ लागला. देशातलं सगळं पेट्रोल ई-10 केलं तरी इथेनॉल 14 अब्ज गॅलनच्या आसपासच मावतं, आणि कायद्यात 2015 पासून मक्याच्या इथेनॉलसाठी 15 अब्ज धरलेत. उरलेलं कुठून आणायचं? एक तर ई-85 जास्त खपवा, नाहीतर सोयाबीन तेलासारख्यापासून बनणाऱ्या बायोडिझेलचे रिन वापरा, त्यांना डी-4 म्हणतात, ते इथेनॉलच्या डी-6 रिनच्या जागी चालतात. त्यामुळे अडचण आली की डी-6 चढत चढत डी-4 च्या जवळ जातो, आणि डी-4 ठरतो सोयाबीन तेल डिझेलपेक्षा किती महाग आहे त्यावर. 2013 च्या आधी डी-6 काही सेंटांना मिळायचा, त्या वर्षी ई-10 मध्ये आणखी इथेनॉल मावणार नाही ही भिंत समोर दिसली आणि उन्हाळ्यात डॉलरच्या वर गेला. मग छोट्या रिफायनऱ्यांना रिन जमा करण्यातून भराभर सवलती दिल्या गेल्या तर 2018 च्या शेवटी 20 सेंटच्याही खाली आला. रिन पडला की ई-85 ची सूट पण आटते, तेव्हा जुन्या सवयीने डोळे मिटून भरू नका.

हिवाळ्याचं पण सांगतो. ई-85 नाव असलं तरी इथेनॉल 51 ते 83 टक्के कितीही असू शकतं, पंपावरच्या लेबलवर पण तेवढंच लिहिलेलं असतं, नेमका आकडा नाही. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून इथेनॉल कमी ठेवतात. जानेवारीत माझं मायलेज म्हणावं तेवढं पडत नाही त्याचं कारण हेच. पण त्या महिन्यात मिसळणाऱ्याला गॅलनमागे रिनही कमीच मिळतात, म्हणजे उन्हाळ्याएवढी सूट तेव्हा मागण्यात अर्थ नाही. निदान महिन्याचा आकडा तरी पंपावर लावायला हवा असं माझं मत.

इंधनाला 5 पैकी 4. घराजवळच्या पंपाला पण 4, तिथं वर्षातले आठ-नऊ महिने भाव माझ्या 23 टक्क्यांत बसतो. हायवेवाल्याला 2, तिथं आता मी फक्त ई-10 भरतो आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी ई-85 चा पंप टाकावा याची वाट बघतोय.