कुत्र्याच्या केसांसाठी काय निवडावं: माशाच्या तेलाची बाटली की उकडलेली तारली?

गोचिडी, खरूज, बुरशी यांतलं काही नाही असं डॉक्टरांनी तपासून सांगितलंय आणि तरीही केस निस्तेज आहेत, कातडीवर कोंडा दिसतोय, असं असेल तरच हा प्रश्न उरतो. जवस आणि खोबरेल मी आधीच बाजूला ठेवतो. जवसात ओमेगा-३ असतं खरं, पण त्यापासून ईपीए आणि डीएचए (माशात आयती मिळणारी ओमेगा-३ ची दोन रूपं) तयार करणं कुत्र्याच्या शरीराला फारसं जमत नाही, आणि कातडीचा दाह कमी करायला उपयोग होतो तो या दोघांचा. खोबरेलात ओमेगा-३ जवळजवळ नसतंच.

राहिली बाटली आणि तारली, म्हणजे सार्डिन मासा. आमच्या गावठी मंगीला मी दोन्ही दिलंय, तेही कोकणातल्या दमट हवेत.

बाटलीची सोय नाकारता येत नाही. माप ठरलेलं, काट्यांची भीती नाही, शिजवणं नाही, शेजाऱ्यांच्या घरात वास जात नाही. डॉक्टरांनी वजनावरून ठराविक मात्रा सांगितली असेल, तर ती तेलानेच नेमकी पाळता येते.

पण बाटली उघडल्यानंतरचं काय? लेबलवरची तारीख बंद बाटलीची असते. मंगीसारख्या मध्यम अंगाच्या कुत्रीला रोज लागतं थोडंसंच, त्यामुळे बाटली महिनोन् महिने उघडी राहते. हे तेल हवेने, उजेडाने आणि उष्णतेने फार लवकर खवट होतं. फ्रिजमध्ये ठेवलं तरी पंपाच्या तोंडाशी राहिलेला थेंब हवा खात बसतो आणि दुसऱ्या दिवशी तोच आधी वाटीत पडतो. मला सगळ्यात खटकलं ते हे, की मुळात माशाचाच वास असलेल्या तेलाचा खवटपणा आपल्या नाकाला कळत नाही. मंगीला कळायचा. एरवी वाटी चाटूनपुसून ठेवणारी कुत्री तेल घातलेल्या भाताकडे पाठ फिरवायची. खवट तेल शरीरातलं ई जीवनसत्त्वही खर्ची घालतं, म्हणजे जे कातडीसाठी द्यायचं तेच तिच्या विरोधात जातं. माझं मन तिथेच बाटलीवरून उतरलं.

तारलीचं तसं नाही. ताजी आहे की नाही हे डोळे आणि कल्ले बघून कळतं. पावसाळा संपल्यावरची तारली तर छान तेलकट असते. डोकं आणि आतडी काढायची. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबातच नाही. कुकरला चांगल्या शिट्ट्या दिल्या की काटे बोटाने चुरता येतात, पण ते चुरून बघितल्याशिवाय वाढू नये. उकडलेलं पाणी फेकू नका, बरंचसं तेल त्यातच उतरलेलं असतं. कच्ची मात्र देऊ नये. तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि ते शिजवल्यानेच निकामी होतं. मंगीला आठवड्यातून दोनदा दोन-दोन तारल्या मानवल्या. पाठीवरचा कोंडा गेला, केसांना चमक आली. हे एका कुत्रीवरून सांगतोय, तेव्हा तेवढ्याच बेताने घ्या.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मी कॅप्सूल टोचून भातावर पिळतो. प्रत्येक कॅप्सूल वेगळी बंद असल्यामुळे बाटलीची अडचण इथे येत नाही. साध्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅमच असतं, म्हणून मात्रा त्या आकड्यांवरून विचारा. कॉड लिव्हर ऑइल यासाठी घेऊ नका, त्यातून अ आणि ड जीवनसत्त्वं जास्त जाऊ शकतात.

कुत्रं नुसत्या दूध-पोळीवर असेल, तर आधी जेवण बदला. केस प्रथिनांचेच बनतात, आणि पोळीतलं फायटेट (धान्यात असणारं एक संयुग) जस्त शोषू देत नाही. अंडं आणि चिकन सुरू झाल्यावरच तेल किंवा तारलीचा फरक दिसेल, आणि त्यालाही दीड-दोन महिने लागतात. जुलाब झाले तर प्रमाण कमी करा. घरात मासे शिजतच नसतील, तर जवसापेक्षा शेवाळापासून काढलेलं तेल बरं, कारण त्यात तयार डीएचए मिळतं.