सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण: जांबोटीच्या आभाळाखाली वापरून

चंद्राचे खड्डे आणि शनीची कडी यांवर सगळेच लिहितात. मी ही डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, श्वेत बटूंसाठी घेतली, त्याबद्दलच लिहिते. श्वेत बटू म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, अतिशय दाट गाभा.

हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी १८९६ मध्ये हार्वर्डच्या लुईझा वेल्स यांना सापडला. तिथला श्वेत बटू शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो. वायू थेट खाली पडत नाही, भोवती तबकडी करून फिरत राहतो. तबकडी तापली की पुष्कळ वायू एकदम आत उतरतो आणि बाराव्या प्रतीचा तारा दिवसा-दोन दिवसांत आठव्या प्रतीपर्यंत उजळतो (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). साधारण सात-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. शांत असतानाचा तो ठिपका छोट्या तिपाई-दुर्बिणीत दिसतच नाही. सहा इंची आरशात, अंधाऱ्या रात्री, दिसतो. दिवाळीच्या सुमारास मुलांना दोन्ही रूपं दाखवता आली. "बाई, परवा एवढा नव्हता की ओ!" असं आठवीतली एक मुलगी ओरडली, तिथेच माझे पैसे वसूल झाले.

उन्हाळ्यात उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोनी बोरिआलिस बघा. एरवी दहाव्या प्रतीचा; १८६६ आणि १९४६ मध्ये मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. इथे तांबड्या राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन बटूच्या पृष्ठभागावर साचतो, तळाचा थर दाबाखाली तापतो आणि पेटतो. साचलेलं बरंचसं उधळलं जातं. पण दर खेपेला थोडं मागे राहत गेलं, तर वस्तुमान सूर्याच्या १.४ पटीकडे, चंद्रशेखर मर्यादेकडे सरकतं. तिथे कार्बन पेटून अख्खा तारा फुटू शकतो. हा बटू त्या मर्यादेच्या जवळ आहे, म्हणून माझा त्याच्यावर जीव.

मुकुट ईशान्येला उगवतो, नेमका बेळगावच्या उजेडात. तो वर चढेपर्यंत थांबा.

उणिवा आहेत. बैठक भुशाच्या फळीची आहे, खानापूर तालुक्यातल्या पावसाळ्यात कडा फुगतात. जूनआधी कडांना वॉर्निश लावाच. गाडीतून नेल्यावर आरसे पुन्हा जुळवावे लागतात. सोबतची २५ मिलिमीटरची आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) उत्तम, ४८ पट मोठं दिसतं, तेवढं पुरतं. तबकडी किंवा वायूचा झोत डोळ्यांना दिसणार नाही, दिसेल फक्त ठिपक्याचं तेज. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ते ताडून वहीत लिहायची तयारी असेल, तर हीच घ्या.